हातमोज्यावरचा लाल

इन्स्पेक्टरने दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. चित्र एकच. छत्री काखेत मारून, पोट पुढे काढून फ्रान्सचे महाराज एका वाण्याशी हस्तांदोलन करताहेत. पहिलं बिनरंगी होतं, त्यावर सरकारी परवानगीचा शिक्का होता. दुसरं सकाळीच या चित्रांच्या दुकानाच्या खिडकीतून काढून आणलेलं, रंगवलेलं. त्यात महाराजांचा पांढरा हातमोजा लालभडक होता.

“शिक्का मारताना आम्हीसुद्धा हसलो होतो,” इन्स्पेक्टर म्हणाला. “पोटाला हसा की, कोण नको म्हणतंय! पण कालपासून तुमच्या खिडकीपुढे कुणी हसत नाहीये. माणसं येतात, टोपी काढतात आणि मुकाट उभी राहतात. हे रक्त त्या दंग्यात मेलेल्यांचं, हे अख्ख्या पॅरिसला कळलंय. लाल कुणी लावला?”

टेबलाभोवतीच्या बायकांनी कुंचले खाली ठेवले. छपाईच्या दगडावरून चित्र काळं छापून येई, रंग मात्र या बायका हातानं भरत. पहिला कागद ओनोरीन रंगवायची. तो नमुना समोर ठेवून बाकीच्या तसाच्या तसा रंग भरायच्या. नमुन्यात राजाचं नाक निळं असेल तर निळं. मजुरी कागदामागे मिळायची, विचार करण्याची नाही. सगळ्यांच्या नजरा ओनोरीनकडे गेल्या.

दुकानाचा मालक पाकार घामाघूम झाला होता. “चुकून झालं असणार, साहेब! म्हातारीचा हात कापतो. थेंब पडला असेल, आणि या बिनडोक बायांनी तोच गिरवला. राजकारण आणि ही? काहीतरीच काय!”

इन्स्पेक्टरने ओनोरीनकडे पाहिलं. पिकलेले केस, काळे कपडे. इन्स्पेक्टर माणूस काही दुष्ट नव्हता, हे सांगायलाच हवं. शिवाय म्हातारीला बेड्या घातल्या तर आणखी टोप्या निघतील, हेही त्याला कळत होतं.

“बरं. ‘रंग चुकून सांडला’ एवढं लिहून खिडकीत लावा. खाली या बाईंची सही. प्रकरण मिटलं. नाहीतर बाईंना तुरुंगात न्यावं लागेल. या वयात तिथून कुणी परत येत नाही.”

“कर गं सही,” शेजारच्या झेलीने तिला कोपरानं ढोसलं. “एका ओळीचं तर काम.”

ओनोरीनने कुंचला पाण्यात नीट धुतला. मग ती उभी राहिली.

“दंग्याच्या दिवशी माझा पोरगा अनातोल पाव आणायला जिना उतरत होता. शिपायांनी जिन्यातच गोळ्या घातल्या. मग तुमच्यासारखेच एक साहेब आले. म्हणाले, बाई, चुकून झालं. मी मान हलवली. काय करणार होते मी? आणि आता पुन्हा चुकून? नाही साहेब. लाल मी लावला. ठरवून, मुद्दाम लावला. मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं.”

इन्स्पेक्टरने सुस्कारा सोडला आणि दाराकडे हात केला.

झेली शाल घेऊन मागे धावली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. दारात म्हातारीच्या खांद्यावर शाल टाकता टाकता ती कानाशी कुजबुजली, “काय करून बसलीस गं हे? थेंब खरंच चुकून पडला होता की! पडला आणि हातमोजाभर पसरला. मी शेजारीच होते. पुसायला फडकं मागितलंस, मी आणेपर्यंत नमुना पलीकडच्या टेबलावर गेला, आणि तू भीतीनं तोंडसुद्धा उघडलं नाहीस!”

ओनोरीनने शालीची गाठ घट्ट केली.

“हळू बोल,” ती म्हणाली. “कुणाला कळता कामा नये.”