तपकिरीच्या डबीचं झाकण

भाचीच्या लग्नासाठी परबकाकींनी ट्रंकेतलं आईचं सुती लुगडं झटकलं, तर पदरभर गोल भोकं. उंदीर इतकं गोल कुरतडत नाही. काकींनी एका भोकावर काकांच्या तपकिरीच्या डबीचं झाकण ठेवलं. नेमकं बसलं.

काका गोठ्याकडे निघाले होते; त्यांना पडवीतच गाठलं. शिमग्याच्या नेमबाजीसाठी महिनाभर ठासणीची बंदूक साफ होत होती, बार उडत होते, आणि तिची गोळी गोल चिंधीत गुंडाळूनच गजाने नळीत ठासावी लागते.

"उशयेचो अभ्रो पातळ, गोळी घरंगळान भायर," काकांनी हिशेब दिला. "टॉवेल जाड, गज मदीच अडाकता. तुजा लुगडा मात्र लोण्यासारख्या गेला!" चेहऱ्यावर कौतुक केल्याचा भाव.

"माका इचारलात तरी?"

"इचारलंय आसतंय तर दिलं आसतंस?"

शिमग्याला काकांनी टांगलेला नारळ पहिल्याच बाराला फोडला. सरपंचांनी शाल उलगडत विचारलं, "इतको नेम जमलो कसो?"

"सराव," काका नम्रपणे म्हणाले. "दुसरा काय?"

बायकांमधून काकी उठल्या. अंगावर तेच लुगडं. त्यांनी सगळ्यांसमोर पदर दोन्ही हातांनी ताणून धरला. "ह्यो बगा सराव! अठरा भोकां आसत. मोजा, नि मगे टाळये वाजवा."

टाळ्या आधी बायकांच्या वाजल्या. सरपंचांनी शाल काकींच्या खांद्यावर घातली.

काकींनी तिचा काठ चिमटीत चोळून पाहिला आणि काकांकडे वळल्या.

"जाड आसा. बंदुकीक चलाची नाय."