घुबड आणि ड्रॅगन

दार्सी बागेतल्या पांढऱ्या दगडी अस्वलापाशी गास्तोंने ठरवलं, आता सांगायचं. तेवढ्यात ओदिल अस्वलाकडे बघून म्हणाली, "याचं बरं आहे. रविवारी कुणी आंघोळ कर म्हणून मागे लागत नाही." गास्तों हसला, आणि सांगायचं राहून गेलं.

दर रविवारी चर्चमधून सुटलं की ही भावंडं फ्रान्समधल्या दिजों शहरातल्या पुतळ्यांना भेटून मगच घरी जेवायला जात. आधी आई न्यायची. ती गेल्यावर मोठ्या बहिणीने, ओदिलने, हा वसा घेतला. केस पिकले तरी लग्न दोघांनीही केलं नव्हतं. करणार कधी, रविवार मोकळा कुठे होता?

आज मात्र गास्तोंच्या आतल्या खिशात बोन गावचं तिकीट होतं. तिथे मार्तचं, त्याचं जिच्यावर मन बसलं होतं तिचं, फुलांचं दुकान आहे. तिने सांगून ठेवलं होतं, "रविवारी दुपारच्या गाडीने कायमचा ये. कपडे इथेही मिळतात. नाही आलास तर पुन्हा बोलावणार नाही." आणि मार्त बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती.

कारंज्यापाशी आले. वर द्राक्षं तुडवणारा ब्राँझचा गडी उघडाच उभा.

"अजून कपडे मिळाले नाहीत वाटतं बिचाऱ्याला," ओदिल म्हणाली. दर रविवारी हेच म्हणायची.

"दारू विकली गेली की शिवेल," गास्तों म्हणाला. तोही दर रविवारी हेच म्हणायचा. आज म्हणायचं नव्हतं, पण तोंडाने आपलं आपण म्हणून टाकलं.

"ओदिल, मला जरा तुझ्याशी..."

"आधी कॉलर नीट कर. थांब, मीच करते."

कॉलर नीट झाली. बोलणं पुन्हा राहिलं.

मग घुबड. चर्चच्या भिंतीत कोरलेलं, हात पोचेल एवढ्या उंचीवर. आपल्याकडे घुबड दिसलं तर लोक थुंकतील. इथे त्याला डावा हात लावून मनातलं मागतात. इतक्या पिढ्यांनी मागितलंय की त्याला आता ना चोच उरली ना डोळे. मागून झालं की आल्या वाटेने परत फिरायचं. कारण पुढच्या खिडकीच्या कोपऱ्यात चिमुकला दगडी ड्रॅगन बसलाय, आणि त्याच्यासमोरून गेलं की मागितलेलं फुकट जातं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण घर पुढे होतं, आणि ओदिलचे गुडघे दुखायचे. त्यामुळे आईच्या मागे दर रविवारी ती भावाला दंडाला धरून ड्रॅगनसमोरूनच घरी नेत आली होती.

गास्तोंने हात लावला. एकदा तोंड उघडू दे, एवढंच त्याने मागितलं. ओदिलनेही हात लावला, मग त्याचा दंड धरला आणि पुढे वळली.

गास्तों हलला नाही. "आज आल्या वाटेने जाऊ."

"आल्या वाटेला स्टेशन आहे," ओदिल म्हणाली.

तो बघतच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"अस्वलापासून खिसा चाचपतोयस. म्हटलं, एक तर छातीत दुखत असेल, नाही तर तिकीट असेल. तोंडावर रंग बरा दिसला, म्हणून तिकीट."

"आणि हा ड्रॅगन? तो तुला..."

"मला माहीत नसेल? आईने दोघांना एकदमच दाखवला होता." ओदिलने त्याचा दंड सोडला. "मुद्दामच नेते तुला तिकडून. पण तुझं एकट्याचं नाही रे बुडत. माझंही बुडतं."

ती काय मागते, हे विचारायचं गास्तोंला आजवर सुचलंच नव्हतं. आज त्याने विचारलं.

"एकटीचं घर," ओदिल म्हणाली. "खिडकी उघडी टाकून झोपायचं. तुला सर्दी होते म्हणून बंद ठेवावी लागते. आणि रविवारी कोंबडी भाजायची नाही."

"मग मला घालवून का नाही दिलंस?"

"आई जाताना म्हणाली, गास्तोंला सांभाळ. तुला काय म्हणाली होती?"

आईने गास्तोंलाही बोलावून हेच सांगितलं होतं, फक्त नाव ओदिलचं होतं.

"जा तू," ओदिल म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो हलका झाला होता. "गाडीला वेळ आहे. मीही आज परत फिरते आणि चर्चला मोठा वळसा घालून घरी जाते. आजचं तरी दोघांचं वाया जायला नको."

ती खरंच वळली आणि आल्या वाटेने चालू लागली, दुखरा गुडघा ओढत. वाट आता मोकळी होती. कुणी धरलेलं नव्हतं. गास्तों खिशावर हात ठेवून उभा राहिला. त्याला फार भीती वाटली.

मग तो भराभर तिच्या मागे गेला आणि त्याने तिला गाठलं.

"एवढा वळसा? गुडघा सुजेल तुझा," तो म्हणाला. "चल, कोंबडी निवेल."

"गास्तों, नको," ओदिल म्हणाली.

पण ड्रॅगनसमोरून दोघं गेली तेव्हा दंड तिचा होता आणि धरला होता त्याने.