छत्र्यांचा तंबू

श्रुतीनं सॅक पालथी केली, झटकली, परत आत हात घालून तळ चाचपला. तंबूचं कापड होतं, दोऱ्या होत्या. दांड्या नव्हत्या.

"दांड्या सौंदर्याकडं हाईत," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

ओझं हलकं व्हावं म्हणून जोडीनं तंबू वाटून न्यायचा, एकीनं कापड, दुसरीनं दांड्या, ही ट्रेकिंगच्या ग्रुपची पद्धत. श्रुतीच्या जोडीदारणीचा, सौंदर्याचा, पाय सकाळी गगनबावड्यात मुरगळला. सगळ्यांनी मिळून तिला एसटीत बसवलं, तिची सॅकसुद्धा खिडकीतून आत दिली. दांड्यांची आठवण एकालाही झाली नाही. आता त्या शिवाजी पेठेत कुठल्या तरी दाराआड सुखानं पडल्या असतील, आणि इथं सड्यावरच्या उघड्या कातळावर संध्याकाळीच ढग खाली उतरले होते.

पलीकडं मनाली आपल्या तंबूच्या दोऱ्या दगडांना बांधत होती. दुकानात मिळणारा हलका तंबू त्या सालात, म्हणजे दोन हजार तीनमध्ये, पुण्या-मुंबईहून आणावा लागे आणि फौंड्रीत राबणाऱ्या तिच्या वडिलांचा अख्खा पगार त्यात गेला असता. म्हणून तिच्या आईनं, मीनाबाईनं, छत्री दुरुस्तीवाल्याकडून मोडक्या छत्र्या आणल्या, कापड उसवून जोडलं, शिवणींवर मेणबत्ती घासली. उभा करायला चालायच्याच दोन काठ्या. तंबू सगळा काळा, मधेच एक तुकडा लाल फुलांचा, कुणा बाईच्या छत्रीतला. सकाळपासून पोरं तिला 'छत्रीवाली' म्हणून चिडवत होती. चिडवेनात का! सगळ्या ग्रुपमध्ये हलकी सॅक तिचीच होती.

एकटीनं झोपायची तिला काही हौस नव्हती. मुली पाच. ट्रेकच्या आधीच्या मीटिंगमध्ये लीडर संग्रामनं जोड्या लावल्या तेव्हा उरली ती मनालीच. "दोघींच्या तंबूत तिसरी मावत न्हाय, तुझं तू बघ," असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. उचगावच्या बौद्धांच्या पोरीशेजारी कोण झोपणार, असं तोंडानं कुणीच बोललं नव्हतं. बोलले ते तंबूच्या मापावर. श्रुती तेव्हा आपल्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसली होती. मनालीला सगळं कळलं होतं. न कळायला ती काही कुकुलं बाळ नव्हती.

टपोरे थेंब कातळावर फुटायला लागले.

"श्रुती, त्या दोघींच्यात घूस जा," संग्राम ओरडला. "एका रातीचा तर प्रश्न हाय. मावतंय सगळं."

मनालीचा हात दोरीवरच थांबला.

"मावतंय व्हय, दादा?"

"काय?"

"दोघींच्यात तिसरी. मीटिंगला मावत नव्हती."

"मनाली, ही काय येळ हाय व्हय? पाऊस बघ कसला आलाय."

"पाऊस मलाबी लागतोय की."

संग्रामनं उगाच टॉर्च लावली आणि विझवली.

पलीकडच्या तंबूची चेन वीतभर उघडली. "ये गं श्रुती लवकर, भिजतीस!" त्या दोघींनी आतून हाक मारली. श्रुती उठली. कापडाचं बोचकं पोटाशी धरून दोन पावलं तिकडं गेली आणि थांबली. मग वळली, मनालीच्या तंबूपाशी येऊन वाकली.

"मी हितं येऊ?" ती कुजबुजली.

मनालीला राग आला. तिकडची जागा सोडून ही आपल्याकडं आली, हे तिला दिसत होतं. तरीही आला. हळूच आत घ्यायचं, पहाटे हळूच बाहेर सोडायचं, आणि कोल्हापुरात गेल्यावर हिनं रात्र कुणाशेजारी काढली ते कुणाला कळायलाच नको. असल्या चांगुलपणासाठी आईनं बोटांना सुया टोचून घेतल्या नव्हत्या.

"मोठ्यानं इचार," ती म्हणाली.

"आं?"

"ऐकू जाऊ दे की समद्यास्नी. मीटिंगबी समद्यांच्या म्होरंच झालती."

श्रुतीच्या केसांतून पाणी ओघळत होतं. तिनं संग्रामकडं पाहिलं. तो आपल्या बुटाची नाडी सोडून परत बांधत होता. तिनं त्या अर्धवट उघड्या चेनकडं पाहिलं. मग ती ताठ उभी राहिली आणि पावसाच्या वर आवाज चढवून म्हणाली,

"मनाली, मी तुझ्या तंबूत झोपाय येऊ का?"

सड्यावर ओळीनं लावलेल्या तंबूंच्या चेना एकामागून एक सरकल्या. डोकी बाहेर आली.

मनाली आत शिरली. आपली सॅक उचलून तिनं पायथ्याशी लोटली, अर्धा तंबू मोकळा केला आणि पडदा वर धरला.

"ये की," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बूट तेवढं भाईर काढ."