आम्मांचा पानाचा डबा

ईदसाठी ढाक्याहून सासरी खेड्यात आले, बॅग उपसली आणि कळलं, पाळणा लांबवायच्या गोळ्या घरीच राहिल्या. बाजारातलं एकुलतं औषधाचं दुकान चुलतसासऱ्यांचं! "या आडगावात कुणाला ठाऊक असणार असल्या गोळ्या?" मी नवऱ्यावर जरा मोठ्यानंच खेकसले.

संध्याकाळी शेजारच्या चार सुना रोजच्यासारख्या "चाची, पान द्या" म्हणत आल्या आणि घटकाभरात गेल्या. ओठ मात्र एकीचेही रंगले नव्हते.

सासूबाईंनी डबा माझ्यापुढे सरकवला.

"आम्मा, मी पान नाही खात."

"त्या तरी कुठं खातात, बौमा?" त्यांनी पानं बाजूला सारली. खाली गोळ्यांची पाकिटं होती. "घे तूही."

आणि रोजच्या सवयीनं त्या कुजबुजल्या, "फक्त तुझ्या सासूला कळू देऊ नकोस हं!"