निसटली की सोडली

विमा कंपनीच्या कार्यालयात दिवेकरांची ही चौथी खेप. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली, पक्ष्यांचे फोटो काढायची महागडी लेन्स भिगवणच्या जलाशयात बुडाली होती. प्रवासातही लागू होईल असा विमा त्यांनी मुद्दाम उतरवला होता. तरी दर वेळी नवा कागद लागे. आज तर जिना चढतानाच त्यांना धाप लागली.

"काका, बोट हलली आणि लेन्स हातातून निसटली, एवढंच लिहा," टेबलापलीकडची तरुण अधिकारी हळूच म्हणाली. "स्वतः सोडली असं लिहिलंत, तर दावा नामंजूर होईल."

"पण मी सोडलीच. बोटीत शेजारी बसलेल्या बाई पाण्यात पडल्या. त्यांना धरायला दोन्ही हात लागले."

दिवेकरांनी तेच लिहिलं, सही केली आणि पिशवी उचलली. आता पुन्हा यायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

ती कागदाकडे बघत राहिली. "काका, वाचल्या का हो त्या?"

दिवेकर दारातच थांबले. चार खेपांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"वाचल्या," ते म्हणाले, आणि परत येऊन खुर्चीत बसले.