सॅम्पल नासलंय

‘रिझ्यूम’ दाबलं की हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सरकायची आणि तिथंच लाल व्हायची. लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रुबीनानं पाचव्यांदा दाबून पाहिलं. खाली इंग्रजीत तीच ओळ आली. जुन्या व्हर्जनमध्ये गोठवलेलं मशीन नव्या व्हर्जनला वाचता येत नाही.

सोमवारचे नऊ वाजत आले होते. शाहूपुरीतल्या त्या लॅबच्या बाकड्यांवर उपाशीपोटी आलेली माणसं बसून होती. काउंटरवरची पूर्णिमा सारखी दार ढकलून आत डोकावत होती. लॅबच्या एकाच सर्व्हरवर तीन व्हर्च्युअल मशीन चालायची. एका पेटीत तीन कॉम्प्युटर, असंच म्हणा. काल सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपग्रेड करताना तिन्ही चालू होती तशीच, मेमरीसकट गोठवली गेली होती. त्यातली दोन रुबीनानं गोठवलेलं सगळं पुसून नव्यानं चालू केली होती. त्यांत गमावण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्यात होतं. शनिवारच्या सदतीस जणांचे रिपोर्ट होते. डॉक्टर परगावी असल्यामुळं सह्या राहिल्या होत्या, आणि सही झाल्याशिवाय ते जुनाट सॉफ्टवेअर डिस्कवर काही उतरवत नसे. नुसतं मेमरीत धरून ठेवायचं.

“झालं का?” धैर्यशील आत आला. मालकांचा मुलगा. दिवाळीपासून लॅबचा कारभार तोच बघत होता, आणि काल रविवारी अपग्रेडही त्यानंच उरकून घेतलं होतं.

“सर, अपग्रेडच्या आधी मशीन गोठवू नका, सह्या झाल्यावर पूर्ण बंद करा, असं मी शनिवारी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं, सांगितलं होतं! आता काय करायचं ते बोल की.”

“माझ्या टेबलाखालच्या सर्व्हरवर जुनं व्हर्जन चढवू. तिथं हे मशीन उठेल, आहे तसं. दुपारी दोन वाजतील.”

“दोनपर्यंत हॉस्पिटलवाले रिपोर्टला थांबत्यात व्हय? एकदा दुसऱ्या लॅबकडं गेले की परत येत न्हाईत ते. दुसरं काय तरी सांग.”

“दुसरं म्हणजे गोठवलेलं पुसायचं. पाच मिनिटांत चालू होईल.” ती थांबली. “पण शनिवारचे सदतीस गेले. रक्ताच्या नळ्यापण राहिल्या नाहीत. काल कचऱ्याची गाडी घेऊन गेली.”

“पूस.”

रुबीनानं माउसवरचा हात काढून घेतला. “तुम्ही दाबा, सर.”

धैर्यशीलनं तिच्या खांद्यावरून हात लांबवून दाबलं. नक्की पुसायचं का, असं मशीननं विचारलं. ते न वाचताच त्यानं परत दाबलं. पाच मिनिटांनी मशीन चालू झालं. पूर्णिमानं बाहेर ओरडून सांगितलं, तशी बाकड्यांवरची माणसं लगबगीनं रांगेत उभी राहिली.

धैर्यशीलनं शनिवारची नोंदणीची यादी काढून रुबीनाच्या पुढ्यात ठेवली.

“ह्यांना फोन लाव. सॅम्पल नासलंय म्हण. परत येऊन द्या.”

“नासलं नाही ते.”

“मग काय सांगणार हायस? व्हर्च्युअल मशीन रिझ्यूम झालं न्हाय? कुणाच्या बाला कळणार हाय ते! नासलं म्हटलं की लगेच कळतंय.” त्यानं समोरची खुर्ची ओढली आणि बसला. “लाव. मी हितंच हाय.”

नऊ वर्षं ती या खोलीत काम करत होती. या टेबलावर बसून पेशंटला फोन करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं यादीतला पहिला नंबर फिरवला.

पेठ वडगावचा एक जण तिच्यावर खेकसला. “नासलं म्हंजे? भाजी हाय काय ती? कामावर खाडा करून आलतो मी!” त्याचं ते खेकसणं तिला बरंच वाटलं. आणखी दोघांनी शिव्या दिल्या, एका बाईनं मधेच फोन ठेवला. रुबीना नावापुढं खूण करत खाली सरकत गेली.

बारावं नाव कागलचं होतं. शांतादेवी, वय बहात्तर. फोन म्हातारीनंच उचलला.

“आज्जी, लॅबमधनं बोलतेय. शनिवारचं तुमचं रक्त... सॅम्पल नासलंय. परत द्यायला यावं लागेल.”



“नासलं?” म्हातारी म्हणाली. “माझ्या अंगातच नासलंय, का तुमच्याकडं आल्यावर नासलं गं?”

रुबीनानं वर पाहिलं. धैर्यशील बोटानं गोल करून दाखवत होता. आवर, पुढचा लाव.

“होतं कधी कधी, आज्जी,” ती म्हणाली.

“तरी मला वाटलंच. त्या पोरीला शीर घावंना, तीनदा टोचाय लागलं बघ तिला. किती निगुतीनं काढलं बिचारीनं. माझंच रगात वंगाळ, त्याला ती तर काय करंल?” म्हातारीचा आवाज खाली गेला. “उगंच माझ्यापायी तुमाला परत फोन कराय लागला. राग धरू नगंस, बाई.”

पुढचा नंबर धैर्यशीलनं यादीवर बोट ठेवून दाखवला.

“असू द्या, आज्जी,” रुबीना म्हणाली.