उदाचा धूर

किहीमच्या विपुलशेटच्या घरी उदाचा वास पार गेटपर्यंत यायचा. त्याचे वडील, नामाआबा, दोन महिने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ निखाऱ्यांवर ऊद घातला जायचा. भेटायला येणारे म्हणायचे, "देवळात आल्यासारखं वाटतंय. पोरगा असावा तर असा!"

मी नर्स. आबांना तपासायला त्या दिवशी पहिल्यांदाच गेले होते. विपुल अभिमानानं सांगत होता, "सिस्टर, आमच्यात बाळंतिणीला ऊद, तान्ह्या पोराला ऊद, देवाला ऊद. पूर्वापार चालत आलंय."

माझे डोळे चुरचुरायला लागले. शेवटी मी धुपाटण्यात पाणी ओतलं आणि खिडकी उघडली. धूर गेला आणि त्याच्याखालची घाण वर आली. भेटायला आलेले नाकाला पदर, रुमाल लावून बाहेर पळाले. मी आबांना कुशीवर वळवलं. चादर पाठीला चिकटली होती. ती सोडवली, तर खाली अळ्या वळवळत होत्या.

"यांचं अंग शेवटचं कधी पुसलं होतं?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले असतील," विपुल नाक दाबून म्हणाला. "पण ऊद एक दिवस चुकवला न्हाय."